दीड सूर खाली

पेटीचं झाकण उघडलं तेव्हा लझहरला आधी काही कळलंच नाही. गिटार होती तिथेच होती, निळ्या मखमलीत पाठ टेकून. फक्त तिचं डोकं जरा कललेलं दिसत होतं. सरळ करावं म्हणून त्याने हात लावला तर ते लटलटलं. मान संपते आणि खुंट्या सुरू होतात तिथे लाकूड आरपार गेलं होतं, सहा तारांनी तेवढे दोन्ही तुकडे धरून ठेवले होते. त्याने झाकण लावलं, जरा थांबला आणि परत उघडलं, म्हणजे दुसऱ्यांदा उघडल्यावर वेगळं काही दिसणार होतं की काय. सूसहून महदियाला येताना लुआजमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामायिक गाडीत, कुणीतरी त्याच्या पेटीवर कलिंगडांचं पोतं टाकलं होतं. मोकनीन सोडल्यावर एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि सगळे उतारू एकदम सीटवरून वर गेले, तेव्हा मागून ‘कट्’ असा आवाज आला होता. तो त्याने ऐकला होता. त्याला वाटलं, पेटीचा खटका असेल, आणि तो शेजारच्या म्हाताऱ्याशी सार्डिनच्या मोसमाबद्दल बोलत राहिला. ज्याचं पोट कानावर चालतं त्याला आपलीच गिटार मोडल्याचा आवाज ओळखू येऊ नये, याला काय म्हणावं?

साखरपुड्याचा हॉल बंदराला लागून होता. बाहेर चारचं ऊन, आत बायकांची गर्दी, लिंबाच्या सरबताची तबकं फिरत होती आणि म्हाताऱ्या मंडळींनी कानामागे मोगऱ्याच्या कळ्यांचे झुपके खोचले होते. दरबुका हे हातढोलकं वाजवणारा हम्मादी, लझहरहून वयाने मोठा, जन्मभराचा सोबती, त्याच्या खांद्यावरून वाकून पेटीत बघत म्हणाला, “हिचा तर गळाच चिरला की रे.” लझहरने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुपचूप आपलं वाद्य घेऊन कोपऱ्यात जाऊन बसला. मग दलेंदा आली. ती त्याची बायको आणि त्याची गायिका. लग्न आधी की गाणं आधी, हे दोघांनाही सांगता येत नसे. केसांत पिना घालता घालता ती आली, दाताखाली एक पिन तशीच. तिने मोडलेली गिटार पाहिली आणि गिटारीबद्दल अवाक्षर न काढता त्याचा डावा हात उचलून पालथा करून पाहिला. तुला कुठे लागलं नाही ना, एवढंच विचारलं. या बाईचं हे असंच. घर पडलं तर भिंतींआधी ती त्याची बोटं मोजेल. दर कार्यक्रमाआधी ती त्याच्या डाव्या हाताला कोमट ऑलिव्ह तेल चोळायची, त्यातही अनामिकेला जास्त वेळ, पेराच्या भोवती अंगठा गोल फिरवत. आजही सकाळी चोळलं होतं. त्याला ते आवडायचं. वर्षानुवर्षांच्या संसारात इतके लाड करणारं माणूस मिळतं कुणाला, असं त्याला वाटायचं, आणि बदल्यात तो तिच्यासाठी थर्मासमध्ये रानओवा आणि मध घालून उकळलेलं पाणी आणायचा. तिच्या गळ्यासाठी. ती तोंड वाकडं करून पण एका दमात प्यायची.

नवरीचा मामा फतही धावत घरी गेला आणि स्वतःची गिटार घेऊन आला. तरुणपणी त्याचा कॉलेजात बँड होता म्हणे. आता औषधांचं दुकान. गिटार लालभडक, दोन्ही बाजूंना शिंगं आलेली. “उस्ताद, आजच जुळवलीय, बिनधास्त वाजवा,” तो म्हणाला आणि अभिमानाने एकेक तार छेडत फ्रेंच स्वरनावं घेतली: मी, ला, रे, सोल, सी, मी. सगळ्या जिथल्या तिथे, एक केसही इकडेतिकडे नाही. लझहरने गिटार मांडीवर घेतली, सवयीने खुंटीला हात घातला आणि पिळली. तार हलली नाही. दुसरी पिळली, तीही नाही. मानेच्या टोकाशी तारा लोखंडी चापांखाली स्क्रूने आवळून टाकलेल्या होत्या. ते चाप सोडवायला एक बारीक वाकडी किल्ली लागते. किल्ली कुठाय, असं त्याने विचारलं. फतही हसला. किल्ली घर बदलताना हरवली ती हरवलीच, तो म्हणाला, पण उस्तादांना किल्ली कशाला, गिटार तर जुळलेलीच आहे. खाली पुलापाशी बारीक स्क्रू होते, त्यांनी थोडाफार फरक पडला असता. पण लझहरला थोडाफार नको होता, त्याला तारा दीड सूर खाली हव्या होत्या. आणि हे तो या भरल्या हॉलमध्ये कुणालाही सांगू शकत नव्हता, कारण दलेंदा समोर उभी होती.

गेली दहा-अकरा वर्षं तो तिला फसवत होता. प्रेमानेच, पण फसवत होता. सूसच्या एका हॉटेलात, समुद्राकडच्या गच्चीवर, तिचा सूर पहिल्यांदा फुटला होता. तिचं ते अंगणाचं गाणं, जे रेडिओवर गाजलं होतं आणि ज्यामुळे लोक तिला ओळखत होते, ते ला पट्टीतलं. शेवटच्या कडव्यात ती एक उंच जागा घ्यायची, आणि तिथे जाताना लोक बोलणं थांबवायचे. त्या संध्याकाळी ती वर गेली आणि मधेच आवाज चिरकला, एखादं कापड फाटावं तसा. जर्मन पर्यटकांना काय कळणार, त्यांनी टाळ्याच वाजवल्या. पण घरी जाताना ती टॅक्सीत एक शब्द बोलली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. गेला गळा, त्याला वाटलं. तिची आईदेखील लग्नांत गायची आणि पन्नाशीच्या आतच तिचा आवाज बसला होता. दलेंदाला त्याचीच धास्ती, हे त्याला माहीत होतं. तिला विचारायची त्याची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर ती गोष्ट खरी झाली असती. मग पुढच्या कार्यक्रमाला त्याने घरूनच सहाही तारा अर्धा सूर उतरवून आणल्या. बोटं त्याच जागी, मानेवरच्या पाचव्या पडद्यावर, आकार ला पट्टीचाच. आवाज मात्र अर्धा सूर खालचा. दलेंदा गाताना कायम त्याच्या डाव्या हाताकडे बघायची, तिथूनच तिला धीर यायचा. तिला हात ओळखीच्या जागी दिसला, आणि ती शेवटच्या कडव्यातली ती उंच जागा आरामात घेऊन खाली आली. त्याला इतका आनंद झाला होता की त्याने हम्मादीलाही खरं सांगितलं नाही. हम्मादीला काय, कातड्याला पट्टी नसते.

त्यानंतर ती कधी खोकली, कधी थकलेली दिसली, की तो आणखी जरा उतरवायचा. अर्ध्याचा एक झाला, एकाचा दीड. इतक्या सैल तारा लटपटतात म्हणून त्याने जाड तारा घ्यायला सुरुवात केली. कार्यक्रमात गाण्यागणिक जुळवणी बदलायची असायची: डोंगराकडच्या गाण्यांना जाड तार आणखी खाली सोडायची, पर्यटकांच्या गाण्यांना वर घ्यायची. तेवढ्या वेळात दलेंदा लोकांना आपल्या आत्याची आणि कुसकुसच्या पातेल्याची गोष्ट सांगायची. गोष्ट किती लांबवायची हे ती त्याच्या खुंट्यांवरून ठरवायची. त्याचं जुळलं की आत्याने पातेलं उतरवलंच. असं दोघांचं बसलेलं होतं. आणि तरी त्याला वाटायचं की तिला काही कळत नाही. गाणारे लोक हातावर जातात, आकड्यांवर नाही, असं तो मनाशी म्हणायचा. एकदा राजधानीतून एका बाईंचा फोन आला होता. उन्हाळ्याच्या महोत्सवात मोठा वाद्यवृंद, दलेंदाने ते जुनं गाणं गायचं, मूळ पट्टीत, कारण सगळ्यांची स्वरलिपी तीच. लझहरने क्षणभरही विचार न करता सांगून टाकलं की ती आता मोठ्या मंचांवर गात नाही. फोन ठेवल्यावर त्याला आपण एखादं भिंतीवरून पडणारं पोर झेलल्यासारखं वाटलं होतं. हे त्याने दलेंदाला कधी सांगितलं नाही. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, असं तो समजत होता.

आणि आता ही लाल गिटार. ला पट्टीचा आकार धरला तर खरा ला वाजणार, आणि दलेंदा त्या खऱ्या ‘ला’च्या आधाराने वर जाईल आणि शेवटच्या कडव्यात पुन्हा फुटेल, तेही आपल्या लोकांसमोर, ज्यांना कळतं. नाहीतर हात खाली, दुसऱ्या पडद्यावर न्यायचा. सूर बरोबर दीड सूर खालचा लागेल, गळा सांभाळला जाईल, पण ती हाताकडे बघणार. हात भलत्याच जागी बघितल्यावर तिला उमगणारच की इतकी वर्षं आपल्या पायाखालची जमीनच कुणीतरी हळूहळू खाली नेत होतं. लाज कोणती बरी, लोकांसमोरची की नवऱ्यासमोरची? त्याने गिटारीवर क्लिप लावून बघायचा विचार केला, पण क्लिप सूर वर नेते, खाली नेत नाही, हे काय त्याला माहीत नव्हतं? माणूस गोंधळला की आपलं साधं कामही विसरतो. त्याने थर्मास उघडून तिला पेला भरून दिला. आज तिने तो हातात धरला, वास घेतला आणि न पिता त्याच्या खुर्चीखाली ठेवला. नंतर पिते, म्हणाली.

नवरीच्या आईने सुरुवातीलाच ते अंगणाचं गाणं मागितलं. दुसरं एखादं मागितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. हम्मादीने दरबुकावर बोटं टेकवली. लझहरने डोळे मिटले, मनातल्या मनात दलेंदाची माफी मागितली आणि हात दुसऱ्या पडद्यावर नेला. लोकांपुढे फुटण्यापेक्षा हे बरं. घरी जाऊन ती भांडेल, रडेल, पण गळा शाबूत राहील. त्याने डोळे उघडले तर ती बघतच होती. मानेवर जिथे त्याचा हात असायला हवा होता तिथून तिची नजर सरकली आणि जिथे होता तिथे येऊन थांबली. तिच्या भुवया किंचित वर गेल्या. तिने मान हलवली, अगदी थोडी, नाही अशी. आणि तो पहिला झणत्कार करणार एवढ्यात ती त्याच्याशिवायच, एकटीच, गायला लागली.

सूर ऐकून त्याचा हात जागच्या जागी थिजला. हा ला होता. रेडिओवरचा, मूळचा, खरा ला. चुकून लागला असेल, त्याला वाटलं, आणि त्याने उघडी तार नखाने हलकेच छेडली. तार आणि आवाज एकमेकांत असे मिसळले की दोन आहेत हे कळेना. हिला कुणी दिला हा सूर? मघाशी फतहीने तारा छेडून दाखवल्या तेव्हा ती ऐकत होती का? की हा सूर तिच्याजवळ होताच, इतकी वर्षं, वापरायला न काढलेल्या चांगल्या भांड्यांसारखा? त्याची बोटं आपोआप पाचव्या पडद्यावर गेली आणि तो तिच्या मागे मागे वाजवू लागला. आता शेवटचं कडवं. हॉलमधलं बोलणं थांबलं. लहान पोरांनाही कुणीतरी दटावलं. तिने श्वास घेतला. लझहरला तो हॉटेलातला फाटका आवाज आधीच ऐकू आला, त्याने खांदे आक्रसून घेतले. आणि ती वर गेली. नुसती गेली नाही, तिथे थांबली, आजूबाजूला बघून आल्यासारखी निवांत थांबली आणि मग आपल्या मर्जीने खाली उतरली. कुठे कापरं नाही, कुठे खरखर नाही. आवाज पूर्वीपेक्षा भरीव होता, एवढाच काय तो वयाचा फरक. बायकांनी जिभा हलवून किलकाऱ्या घातल्या, कुणीतरी मोगऱ्याचा झुपका तिच्या पायाशी फेकला. लझहरला आनंद व्हायला हवा होता. त्याला भीती वाटत होती, आणि का ते कळत नव्हतं.

टाळ्या चालू असतानाच ती मागे वळली. मायक्रोफोनवर तळवा ठेवून त्याच्या खुर्चीपाशी वाकली. चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती, लग्नाच्या सुरुवातीला हसायची तशी.

“बोट बरं झालं तुझं?” तिने विचारलं.

“कुठलं बोट?” तो म्हणाला.

“कुठलं काय! टॅक्सीच्या दारात चेमटलेलं. या गिटारीच्या तारा किती ताणलेल्या आहेत, आणि तू चक्क दाबल्यास. मी बघत होते ना. आधी तू हात खाली नेलास तेव्हा वाटलं, दुखतंय, जमत नाहीये. म्हटलं एकदा तरी बघू या, नाहीच जमलं तर मी एकटी गाईन.”

त्याने डाव्या हाताच्या अनामिकेकडे पाहिलं. हो, चेमटलं होतं. तिचा सूर फुटला त्याच दिवशी, हॉटेलच्या दारात टॅक्सीतून स्पीकर उतरवताना. नख काळं पडलं, रात्रभर ठणकलं, आणि एक-दोन आठवड्यांत नवं नख आलं, तो विसरूनही गेला. गच्चीवर तो बोटाला चिंधी बांधून वाजवत होता आणि चिंधीतून रक्त झिरपून पडद्यांवर येत होतं. दलेंदा नेहमीप्रमाणे त्याच्या हाताकडे बघत गात होती. हाताकडे बघतच ती त्या उंच जागेकडे निघाली होती, आणि ते रक्त दिसलं तिथेच आवाज चिरकला होता. म्हणून ती टॅक्सीत बोलली नाही. म्हणून पुढच्या वेळी तारा सैल झालेल्या ऐकल्या आणि ती गप्प बसली. सैल तार बोटाला कमी कापते, हे तिला न कळण्याइतकी ती काय परकी होती? म्हणून तेल. इतकी वर्षं, प्रत्येक कार्यक्रमाआधी, अनामिकेला जास्त वेळ. आणि राजधानीच्या त्या बाईंचा फोन आला त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून तेलाची वाटी घेऊन बाहेर आली होती, त्याचा हात मांडीवर घेतला होता आणि म्हणाली होती, जाऊ दे, मोठ्या लोकांत आपलं काय काम, आपण दोघं आहोत तेच बरं. कशाबद्दल म्हणतेस, असं त्याने विचारलंसुद्धा नव्हतं. त्याला वाटलं होतं, ती सहजच बोलतेय.

“लझहर?” तिचं हसू अजून होतं. “बरं झालंय ना रे?”

“हो,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

हे एवढंसं विचारायचं तिला. आणि याचं उत्तर त्याच्याजवळ होतं. खोटं सांगता आलं असतं. आता आताच, या महिन्यात, तुझ्या तेलाने. तिला किती बरं वाटलं असतं. पण तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा काय काय सांगत होता कुणास ठाऊक, कारण तिचं हसू हळूहळू उतरत गेलं. तिने त्याच्या बोटाकडे पाहिलं. मग खुर्चीखाली ठेवलेल्या पेल्याकडे, थर्मासकडे. रानओवा आणि मध. तिचा हात मायक्रोफोनवरून निघाला आणि स्वतःच्या गळ्यावर जाऊन थांबला.

“म्हणजे तुला वाटलं...” ती म्हणाली. उघड्या मायक्रोफोनमधून तेवढे शब्द साऱ्या हॉलभर ऐकू गेले. लोकांना वाटलं गंमत चाललीय, काहीजण हसले.

लझहरला वाटलं, आता ती आत्याची गोष्ट सांगायला घेईल, त्याला जरा वेळ मिळेल, तो काहीतरी बोलेल. कोपऱ्यातून हम्मादी खुणेने विचारत होता, काय झालं, पुढचं कुठलं? फतही मामा समोरून दोन्ही हात वर करून आणखी एक, आणखी एक म्हणून ओरडत होता. दलेंदाने ओढणीच्या टोकाने डोळे टिपले, ओठांवरची लाली एकदा जुळवून घेतली आणि लोकांकडे तोंड केलं. आजवर पट्टी तिने कधी सांगितली नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघायची आणि हात जे म्हणेल ते गायची, हा त्यांचा रिवाज. आज तिने न वळता, पाठमोरीच, त्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात सांगितलं, “तेच. सी.”

म्हणजे मूळ पट्टीच्याही वर एक सूर. हे गाणं कुणी सी मध्ये गात नाही. दलेंदाही तरुणपणी कधी गायली नव्हती. लझहरने हात सातव्या पडद्यावर नेला. तिथे तारा आणखी कडक लागत होत्या, आणि इतकी वर्षं सैल तारांवर फिरून त्याची बोटं मऊ झाली होती. पहिल्याच झणत्काराला अनामिकेच्या टोकाला तार रुतली. त्याने दाबून धरली. दलेंदा गाऊ लागली. लझहर मान वर करून तिच्याकडे बघत वाजवत राहिला, कारण आता कुणीतरी कुणाकडे बघायला हवंच होतं. गाणं संपेपर्यंत तिने त्याच्या हाताकडे पाहिलं नाही.